सुभेदार अंड्यांवर बसले

मंगलवहिनींची खुडूक कोंबडी बादलीतल्या गार पाण्यात बुचकळत कृष्णात सुभेदार मला म्हणाले, "सिद्धू, हिचा संप मोडायचा हाय. दोन आठवडं झालं, अंडं बंद आन् नुसती कुरकुर."

वहिनी चुलीपुढून म्हणाल्या, "संप कशाचा आवं? तिला बसायचंय. पंधरा अंडी टोपल्यात घाला, एकवीस दिसांनी पिल्ली घ्या."

"कोंबडीचा भरवसा न्हाई. मनात आलं की उठंल. मशीन उठत न्हाई."

सव्वीस वर्षं पलटणीत काढून सुभेदार गावी आले, त्याला तीन वर्षं झाली. तेवढ्यात त्यांनी घराला, गोठ्याला आणि आमच्या गल्लीला शिस्त लावली. राहिली होती ती कोंबडीच. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बुचकळल्यावर तीही खुडूकपण विसरली आणि उकिरड्यावर हिंडायला लागली.

मशीन म्हणजे थर्माकोलचं खोकं, आत बल्ब, पाण्याची वाटी आणि तापमान राखणारं एक यंत्र. मोबाइलवर बघून सुभेदारांनी ते स्वतः जोडलं. पंचवीस अंड्यांवर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला आणि दिवसातनं तीनदा ती ठरल्या वेळेला फिरवायला लागले. त्यासाठी जेवणावरनं उठायचे. सोसायटीच्या मीटिंगमधनंही उठले. चेअरमन बघतच राहिले.

त्याच महिन्यात त्यांची एकुलती लेक सृष्टी पहिल्या बाळंतपणाला उंब्रजहून माहेरी आली होती. पोटावर हात ठेवून ती खोक्याजवळ बसायची.

"आबा, आमच्याकडंबी जरा बघा की."

"तुझी तारीख पंचवीस, हेंची पंधरा. हेंचं उरकलं की मी मोकळा. मिरजंला जाताना गाडीत फुडं मीच बसणार."

हा शब्द त्यांनी उगीच दिला नव्हता. सृष्टी जन्मली तेव्हा सुभेदार बर्फात होते आणि रजा मिळाली नव्हती. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. पण ते त्यांना फार खुपायचं, आणि वहिनींना त्याहून जास्त.

चौदा तारखेला, म्हणजे विसाव्या दिवशी, पहाटे गावाची डीपी जळाली आणि लाईट गेली. सात वाजता सृष्टीच्या पोटात कळा सुरू झाल्या. मी माझी व्हॅन त्यांच्या दारात लावली. बघतो तर सुभेदार बाटल्यांत गरम पाणी भरून खोक्यात रचतायत. दोन अंड्यांना भोकं पडली होती आणि आतनं चिवचिव ऐकू येत होती.

"आवं, चला की," वहिनी म्हणाल्या.

"हे बघ, टोचा मारलाय. आता गार पडली तर आतल्या आत मरत्याल. त्या कोंबडीला बसवून बघितली, ती लागली पळायला."

"का पळणार न्हाई? तुमीच बुचकळली न्हवं तिला."

"तुमी व्हा फुडं. लाईट आली की आलोच."

वहिनींनी पिशवी उचलली आणि लेकीला धरून त्या गाडीत बसल्या. पुढची सीट मोकळीच राहिली. सृष्टीनं विचारलं, "आबा?" वहिनी म्हणाल्या, "येत्यात म्हणाल्यात." पोरीनं डोळे मिटून घेतले. मला सुभेदारांचा राग आला आणि आतल्या त्या चिवचिवीचीही दया आली, खोटं कशाला बोलू.

दुपारी एकला मिरजेच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. मी सुभेदारांना फोन लावला.

"आजा झालासा. नात झाली."

"अकरा झाली," ते म्हणाले. मग जरा थांबून, "काय म्हणालास?"

लाईट काही आली नाही. पिल्लांना ऊब देणारं घरात दुसरं कोणी नाही. शेवटी खोक्याला मफलर गुंडाळून, ते मांडीवर घेऊन सुभेदार एसटीनं निघाले. दोन गाड्या बदलल्या. दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती, आणि भेटायची वेळ सहापर्यंतच.

वॉचमन म्हणाला, "कोंबड्या आत सोडत न्हाई."

"कोंबड्या न्हाईत, पिल्ली हायत."

"तीबी न्हाईत."

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. मी हात पुढं केले, तर म्हणाले, "तुझं हात गार हायत." असा माणूस.

तेवढ्यात थर्मास घेऊन वहिनी खाली आल्या. मला वाटलं, आता इथं महाभारत होणार. पण त्यांनी थर्मास माझ्याकडं दिला, खोकं सुभेदारांच्या हातनं काढून घेतलं, पायरीवर बसल्या आणि पदर त्याच्यावर टाकला.

"जावा. दुसरा मजला, डावीकडं. पाच मिंटं हायत."

सुभेदार जिन्यानं पळाले. पन्नाशीला टेकलेला माणूस दोन-दोन पायऱ्या चढत होता. सहाची घंटा झाली आणि जरा वेळानं ते सावकाश खाली उतरले.

"बघितली?" वहिनींनी विचारलं.

"सिस्टर दार लावत हुती. दुपट्यातनं पाय तेवढं दिसलं."

"मग लय झालं," वहिनी म्हणाल्या. "सृष्टीचं पाय तुमी बघितलं, तवा ती अंगणात पळत हुती."

मग त्यांनी खोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं, माझ्याकडचा थर्मास घेतला आणि चहा आणायला गेल्या.