नियम चौथा: वाळू नको

मर्व्हिन टलकला आतड्यांतलं कळायचं. गावाबाहेरच्या मांस कारखान्यात त्याने आतड्यांच्या खात्यात एकतीस वर्षं काढली होती. मेंढीची आतडी टेबलावर आली की नुसती बोटांनी चाचपून सांगायचा, ही काय खात होती आणि कुठे अडली होती. याचा त्याला भारी अभिमान. अभिमान धरण्याजोगं दुसरं फारसं काही हाताशी नसल्यामुळे तो जरा जास्तच होता.

अशा माणसाच्या पदरी म्हातारपणी एक वीतभर गेको पडली.

गेको नातीची, टिलीची. जानेवारीत मर्व्हिनची मुलगी कर्स्टी टिलीला घेऊन समुद्रापार ब्रिस्बेनला गेली ती कायमचीच. ऑस्ट्रेलियात असला प्राणी नेऊ देत नाहीत, पोरीने कितीही रडून गोंधळ घातला तरी. म्हणून पिवळ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली, जाड शेपटीची ही पालीची चुलत बहीण काचेच्या पेटीसकट आजोबांकडे आली. आजीच्या तव्यावरच्या पिकलेटसारखा, म्हणजे छोट्या जाडसर धिरड्यासारखा रंग, म्हणून नाव पिकलेट.

काचेवर टिलीने नऊ नियम चिकटवले होते. अळी पिकलेटच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठी नको. अळ्यांना आधी गाजर खाऊ घाल, मगच तिला दे. वर कॅल्शियमची पूड भुरभुरव. पोटाखाली बत्तीस अंश ऊब हवी, नाहीतर खाल्लेलं पोटातच कुजतं. वीज गेली तर खायला देऊ नकोस. शी रोज बघ आणि वहीत लिही. आणि चौथा नियम लाल शाईत, खाली दोन रेघा मारून: खाली किचन पेपरच. वाळू नको. कध्धीच नको.

दर रविवारी पाच वाजता व्हिडिओ कॉल यायचा. टिलीला पिकलेट बघायची असायची. मागे कर्स्टी भांडी घासत असायची आणि वळून बघायचीसुद्धा नाही. आई गेल्यापासून ती बापाशी कामापुरतंच बोलायची, आणि आता कामही उरलं नव्हतं. मर्व्हिनला स्वच्छ ठाऊक होतं, फोन गेकोला येतो, आपल्याला नाही. गेको आहे तोवर रविवार आहे.

"आजोबा, शी?" टिलीचा पहिला प्रश्न ठरलेला.

"मंगळवारी एक, शुक्रवारी एक. अशी सुबक, की कारखान्यात असती तर साहेबाने फोटो काढून लावला असता."

टिली खिदळली. तेवढ्यात तिच्या खांद्यावरून एक मैत्रीण डोकावली. "ई! ही टिश्यूवर राहते? आमच्या ड्रॅगन सरड्याला आम्ही केवढं वाळवंट करून दिलंय!"

"हिचं असंच असतं," टिली पुटपुटली, पण तिचं तोंड उतरलं.

ते उतरलेलं तोंड मर्व्हिनच्या डोळ्यांपुढून हलेना. पुढच्या रविवारी टिली शाळेच्या सहलीला जाणार होती, फोन नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी पोरीला चकितच करायचं असं त्याने ठरवलं. गाडी काढून तो रिव्हर्टनच्या किनाऱ्यावर गेला, बादलीभर वाळू आणली, चाळली, धुतली, तासभर ओव्हनमध्ये भाजली आणि कागदाच्या जागी पेटीत पसरली. नियम वाचला नाही असं नाही. वाचला आणि हसला. हिवाळाभर सलगमच्या चिखलात चरणाऱ्या मेंढ्यांची पोटं त्याने हजारांनी उघडली होती. मूठमूठ वाळू निघायची, आणि मेंढ्या कशा गुबगुबीत! अकरा वर्षांची पोर त्याला पोटातलं शिकवणार होती?

पिकलेट अळीवर झडप घालायची तेव्हा अळीबरोबर वाळूही तोंडात जायची. मर्व्हिन कौतुकाने बघत राहायचा. वाळूवर ती खरंच देखणी दिसत होती.

मग वहीत "शी नाही" असं पाच दिवस ओळीने पडलं. सहाव्या दिवशी त्याने तिला तळहातावर उलटी घेतली. पोटाच्या पातळ कातडीआड निळसर डाग दिसला. बोटाला मण्यासारखं कडक लागलं, आणि त्याला जागच्या जागी कळलं. वाळू उपसून त्याने पुन्हा कागद अंथरला, पिकलेटला कोमट पाण्यात बसवलं, अंगठ्याने पोट चोळलं, तेलाचा थेंब तोंडात सोडला. दवाखान्यात मात्र नेलं नाही. आपल्या बोटांवर त्याचा अजून विश्वास होता. नवव्या दिवशी तिने डोळे उघडायचंच सोडलं, तेव्हा तो इन्व्हरकार्गिलच्या प्राण्यांच्या दवाखान्यात धावला.

डॉक्टर पराटाबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. पोटापासून शेपटीपर्यंत पांढरी रेघ भरलेली.

"मेंढीचं पोट केवढं, हिचं आतडं केवढं," मेंढ्यांच्या वाळूचं त्याच्याकडून ऐकून त्या म्हणाल्या. "बुटाच्या नाडीएवढं. आता कापलं तर टेबलावरच जाईल. आधी का नाही आणलंत?"

"मला वाटलं, मोकळं होईल. मला आतड्यांतलं कळतं."

हेच वाक्य, याच आवाजात, सहा वर्षांपूर्वी तो स्वयंपाकघरात बोलला होता. त्याची बायको नोलीन पोट धरून खुर्चीत बसली होती. त्याने बोटांनी तिचं पोट दाबून बघितलं होतं आणि म्हणाला होता, पोटात गॅस धरलाय, मला आतड्यांतलं कळतं. त्याच्या शब्दावर विसंबून ती चार महिने आल्याचा चहा पीत राहिली. शेवटी डॉक्टरांनी पोट उघडलं, बघितलं आणि तसंच शिवून टाकलं.

पराटाबाईंनी कायमचं झोपवायची सुई दिली तेव्हा पिकलेट त्याच्या ओंजळीत होती. ती गार होईपर्यंत त्याने ओंजळ सोडली नाही.

रविवारी पाचला फोन वाजला. "म्हातारी झाली होती गं" असं सांगायचं त्याने सकाळपासून घोकून ठेवलं होतं.

"आजोबा, पिकलेट? शी?"

त्याने फोन पेटीकडे वळवला. कोपऱ्यात वाळूचे चार कण चमकत होते.

"गेली गं. मीच मारली. वाळू घातली होती मी."

"मी लाल शाईत लिहिलं होतं."

"हो."

"तू वाचलंच नाहीस?"

"वाचलं होतं," मर्व्हिन म्हणाला.

मागे नळ बंद झाला. कर्स्टी ओल्या हातांनी पुढे आली, टिलीला जवळ घेतलं, आणि कितीतरी महिन्यांनी तिने बापाकडे सरळ बघितलं.

"आईनेही सांगितलं होतं, बाबा. दुखतंय म्हणून. रोज सांगत होती."

आणि फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी साडेचारलाच त्याने फोन काचेला टेकवून ठेवला. पाच वाजले, सहा वाजले. बाहेर गारा पडून थांबल्या. नियमांचा कागद जागच्या जागी होता. पेटी रिकामी होती, तरी खालची ऊब देणारी हीट मॅट त्याने बंद केली नव्हती. तापमापक बत्तीस अंश दाखवत होता, नियमात लिहिलं होतं तसं.