जाग्या माणसांची उशी

मित्रांनो, उशी म्हटलं की तुम्हाला झोप आठवते. माझ्या वाट्याला मात्र सगळी जागी आणि घाबरलेली माणसं आली. मी ऑपरेशन थिएटरमधली जुनी, रेक्झिनच्या खोळीतली उशी आहे. सिझेरियनच्या आधी बाई टेबलाच्या कडेला बसते, मला पोटाशी धरून पाठ वाकवते आणि भूल देणाऱ्या डॉक्टरबाई तिच्या कमरेत सुई घालतात. तेवढा वेळ अजिबात हलायचं नसतं. माझा जीव दरवेळी टांगणीला लागतो.

परवाच्या बाईने तर मला असं आवळलं की माझा सगळा कापूस एका कोपऱ्यात गेला. जाड सुईतून बारीक सुई घालून औषध दिलं, मग दोऱ्याएवढी नळी पाठीतच ठेवून वर चिकटपट्टी लावली. तिला आडवं केलं आणि मला डोक्याखाली सरकवलं. भूल चढली का ते बघायला डॉक्टरबाई पोटावर थंड फवारा मारत विचारू लागल्या, "गार लागतंय?"

"नाही."

"डावीकडे?"

"नाही."

खोटं, मित्रांनो, धडधडीत खोटं! डावीकडे फवारा पडला की तिची मान ताठ व्हायची. पण उशीला कुठलं तोंड? पलीकडे सर्जन हातमोजे घालून तयार उभे. मी तर धास्तीने अर्धमेली झाले.

डॉक्टरबाई वाकल्या. "ताई, तोंड नाही म्हणतंय, भुवई हो म्हणतेय. खरं सांगा."

तिला रडूच फुटलं. "मागच्या वेळी भूल नीट चढली नाही, म्हणून मला पूर्ण झोपवलं. लेकीचं पहिलं रडणं सगळ्यांनी ऐकलं, मी सोडून."

"अहो, मग ही नळी काय शोभेला ठेवलीय? हिच्यातून औषध वाढवता येतं. आधी तेच करू. सर, जरा थांबा."

औषध गेलं. आम्ही वाट पाहिली. पुन्हा फवारा.

"आता?"

"नाही."

"नक्की?"

"गळ्याशपथ नाही!" या वेळी मान सैल होती.

मग तिच्या छातीपाशी लावलेल्या पडद्यापलीकडे हत्यारांची खणखण सुरू झाली. तिला ओढल्यासारखं वाटत होतं, दुखत नव्हतं. खणखण थांबली. बाळ बाहेर आलं असावं.

"रडत का नाही?" ती पुटपुटली.

आणि असा टाहो फुटला म्हणून सांगू! "माझंच ना? माझंच रडतंय ना?" ती हसत विचारत होती, आणि तिच्या कानांवरून ओघळणाऱ्या पाण्याने मी भिजत होते.

माझी खोळ आता उसवलीय. मला लवकरच काढून टाकतील, खुशाल टाकू द्या. पण मित्रांनो, त्या टेबलावरची बाई "दुखतंय" म्हणाली, तर तिला "जरा सहन कर" म्हणू नका. आणि "दुखत नाही" म्हणाली, तरी एकदा तिच्या चेहऱ्याकडे बघा.