चौथा खांदेकरी

"आणखी एक जण हवाय! चौथा कोण येतंय?" काळा झगा घातलेली बाई हसत विचारत होती.

ऑकलंडमधल्या त्या संग्रहालयात जुन्या गोऱ्या वसाहतीतलं जगणं करून दाखवतात. त्या दिवशी अंत्ययात्रा होती. झोपडीपासून लाकडी चर्चपर्यंत पेटी न्यायची. लोक फोटो काढत होते. मरणाचीही सहल करतात हे, असं रवींद्रच्या मनात आलं, पण तोवर त्याचा हात वर गेला होता.

"बाबा, नो! सो एम्बॅरसिंग!" त्याची मुलगी इरा कुजबुजली.

रवींद्र तिथल्याच ओटाहुहु उपनगरातल्या औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट होता. गेल्या महिन्यात मिरजेला त्याचे वडील गेले, तेव्हा त्याचा पासपोर्ट रेसिडेन्सीसाठी इमिग्रेशनकडे अडकलेला. अंत्यसंस्कार त्याने दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यावर बसून फोनवर पाहिले. त्याच्या जागी शेजारच्या शिवाजीने खांदा दिला. नंतर मोठा भाऊ मोरेश्वर म्हणाला, "अरे, बाबा इतके वाळले होते, वजनच लागलं नाही बघ." तेव्हापासून रवींद्रची झोप उडाली होती. वजन लागलं नाही, हे तरी भावाला कळलं होतं.

"रिकामीच आहे, मेट," बरोबरचा दाढीवाला म्हणाला.

पेटी उचलली. खरंच हलकी होती. अर्ध्या वाटेवर त्याने सगळ्यांना थांबवून खांदा बदलायला लावला. कशाला, ते कुणाला कळलं नाही, पण बिचाऱ्यांनी बदलला. चर्चपाशी टाळ्या पडल्या. तो पेटीवर हात ठेवून उभाच राहिला.

"बाबा, इट्स जस्ट प्रिटेंड," इरा हळूच म्हणाली.

"माहितीये गं."

घरी आल्यावर मात्र तो दारातच थांबला. त्याची बायको, कल्याणी, लाटणं घेऊनच बाहेर आली.

"असा काय उभा राहिलायस? ये की आत."

"शिवू नकोस मला. आधी अंघोळ करतो."

"आत्ता? का रे, काय झालं?"

इराच म्हणाली, "बाबा कॅरीड अ कॉफिन. म्युझियममध्ये. एम्प्टी होती, आई."

कल्याणी त्याच्याकडे बघत राहिली. मग आत वळली. वाटेतलं इराचं दप्तर तिने उचललं, खुर्चीवरचे कपडे बाजूला केले, बाथरूमचं दार उघडून गरम पाण्याचा नळ सोडला.

"ये," ती म्हणाली.

रवींद्र कशालाही न शिवता आत गेला.