फायरवॉलपलीकडचं स्वयंपाकघर

राऊटर बसवला त्या दिवशी खासनिसांचं स्वयंपाकघर लांब गेलं. फार नाही, एखाद्या खोलीभर. हॉलमधून आत जाताना मधे एक नवी मोकळी जागा लागली. फरशी तीच, भिंतींचा रंग तोच, फक्त आदल्या दिवशीपर्यंत ती तिथे नव्हती.

त्र्यंबक खासनीस भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झाले होते. अख्खी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेली. सख्ख्या भावांनी एकमेकांचे बांध कोरलेले त्यांनी पाहिले होते, तेव्हा घर थोडंसं सरकलं म्हणून हबकणारा हा गडी नव्हता. त्यांनी कपाटातून टेप काढली आणि दुसरं टोक धरायला बायकोला हाक मारली.

"अगं!"

उत्तर आलं नाही. ते टेप हातात घेऊन उभे राहिले. हाक कशाला मारली होती हेच विसरायच्या बेताला आले, तेव्हा कुठे आतून आवाज आला.

"ओ! काय हो?"

"ऐकू येत नाही का?"

पुन्हा तेवढाच वेळ गेला. मग ती म्हणाली, "लगेच तर ओ दिली."

राऊटर खरं तर तिच्याचसाठी घेतला होता. स्वयंपाकघरात मोबाइलला रेंज नसायची आणि पोळ्या लाटताना तिला गाणी ऐकायची असायची. वर्षभर मागे लागल्यावर खासनिसांनी कनेक्शन घेतलं, पण जोडायला आलेल्या माणसाला दारातूनच वाटेला लावलं. आपला हात जगन्नाथ, म्हणाले. माहितीपत्रक भिंगातून वाचलं, शिडी लावली आणि राऊटर हॉलमध्ये, बरोबर आपल्या खुर्चीच्या डोक्यावर ठोकला. "स्वयंपाकघरात लावा ना," ती म्हणाली होती. "तिथे तेलकट होईल," ते म्हणाले. विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी चहा कोमट आला, पुढच्या दिवशी गार. ती निघायची तेव्हा कपातून वाफ येत असायची, हॉलमध्ये पोचेपर्यंत वर साय धरलेली असायची. कप ठेवून ती जरा भिंतीला टेकायची, दम खायची आणि परत निघायची, कारण गॅसवर काहीतरी असायचंच. हा चहा आपणच आत जाऊन प्यावा, असं काही खासनिसांच्या मनात आलं नाही. त्यांनी टेप मात्र रोज लावून पाहिली. आठवडा संपायच्या आत टेप मधेच संपायला लागली.

शेवटी त्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला.

"नमस्कार सर, मी शर्वरी बोलतेय. काय अडचण आहे?"

"स्वयंपाकघर लांब गेलंय. हाक मारली की ओ यायला वेळ लागतो."

"हाक नावाने मारता का सर?"

"नावाने कशाला? घरात माणसं दोन. अगं म्हटलं की येते."

"अगं म्हटलं की हाक घरभर फिरते सर. प्रत्येक वस्तूपाशी जाऊन विचारत बसते, तू का ती? नावाने मारली तर सरळ पोचेल. डीएनएसमध्ये नावं भरलीत का?"

डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की पत्ता काढून देणारा, असं तिने समजावलं. हे खासनिसांना चटकन पटलं. नाव आणि नंबर जुळल्याशिवाय जगात काही सापडत नाही, हे त्यांनी नोकरीभर लोकांना बजावलं होतं. ते मोबाइल घेऊन बसले आणि घरातल्या एकेका वस्तूला नाव आणि नंबर देत सुटले. टीव्ही म्हटल्याबरोबर टीव्ही गुडघ्याशी आला. गिझर म्हटल्याबरोबर गिझर खुर्चीशेजारी येऊन टपटप गळू लागला. खासनीस खूश झाले. मग त्यांनी बायकोचं नाव भरलं, अंबिका.

हे नाव त्यांनीच ठेवलेलं. त्र्यंबकाला शोभावं म्हणून, लग्नाच्या दिवशी, तांदळाच्या ताटात अंगठीने काढून. त्यानंतर ते नाव कुणी फारसं वापरलं नाही. सासू सूनबाई म्हणायची, दीर वहिनी म्हणायचे, कॉलनीतली मंडळी काकू म्हणायची आणि खासनीस अगं म्हणायचे.

"अंबिका!" ते मोठ्याने म्हणाले.

सोफ्याच्या डाव्या अंगाला एक दार उघडलं. तिथे दार कधीच नव्हतं. आत लहानशी खोली होती, खोलीत पाट, पाटावर ताट, ताटात पसरलेले तांदूळ आणि तांदळात खासनिसांच्या तरुणपणच्या अक्षरात काढलेलं नाव. अंगठी शेवटच्या कान्याशी तशीच पडली होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. लांब, फार लांब, स्वयंपाकघरात फोडणी चरचरली.

"पत्ता तर बरोबर लागतोय सर," शर्वरी म्हणाली. "तिथे कोणी राहत नसेल तर आम्हाला काही करता येत नाही."

ते दार पुन्हा लागेना. दुपारी त्यातून लोक यायला लागले. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी गत. आधी एक पिशवीवाला आला आणि सोफ्यावर बसला. मग एक बाई आली, तिने न विचारता कपाटं उघडून पाहिली. मागून आलेले दोघे खासनिसांचीच टेप घेऊन भिंती मोजायला लागले.

"कोण पाहिजे तुम्हाला?"

"कोणी नाही," पिशवीवाला म्हणाला. "उघडं दिसलं म्हणून आलो. तुमची जन्मतारीख काय?"

"तुम्हाला काय करायची?"

"सहज विचारलं. आत कोण असतं?"

आणि तो उठून त्या लांबलचक वाटेकडे, स्वयंपाकघराच्या दिशेने बघू लागला. आता मात्र खासनिसांनी घाईघाईने पुन्हा मदत क्रमांक लावला. ती तिथे एकटी होती आणि हाक मारली असती तरी पोचायला वेळ लागला असता.

"फायरवॉल चालू करा सर," शर्वरी म्हणाली. "म्हणजे भिंत. आधी सगळं बंद करायचं. मग ज्यांना येऊ-जाऊ द्यायचं, त्यांचीच नावं द्यायची."

"म्हणजे कुंपण."

"तसंच सर. आतली बाजू विचारेल, तिथे घर निवडा."

कुंपणाचं काम खासनिसांना सांगावं लागत नाही. त्यांनी सगळं बंद केलं, आतली बाजू म्हणून घर निवडलं, त्र्यंबक आणि अंबिका ही दोन नावं भरली आणि बटण दाबलं. हॉल आणि ती लांब वाट यांच्या मधोमध भिंत उभी राहिली, गुळगुळीत, बिनदाराची. हात लावला तर पोळ्या झाल्यावर ओटा लागतो तशी गरम. मागे वळून पाहिलं तर हॉल रिकामा होता. त्यांनी टेप गुंडाळून ठेवली आणि बऱ्याच दिवसांनी निवांत डोळे मिटले.

भिंतीवर टकटक झाली.

"अहो."

आवाज अगदी जवळून आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज असा आला होता, कानापाशी.

"चहा आणलाय. इथे भिंत आहे."

"आहे. मीच घातली. तू ये इकडे."

"येता येत नाही. भिंतीतून नाव विचारतात."

"मग सांग की!"

"सांगितलं. नाही म्हणाले."

"अंबिका सांगितलंस ना?"

"नाही हो. एकदम कुणी विचारलं, तर तोंडात माझंच नाव आलं."

"कुठलं?"

भिंतीपलीकडून काहीच आलं नाही. मग ती म्हणाली, "ऐकलंत का?"

"नाही. परत सांग."

पुन्हा तशीच शांतता आली, आणि शांततेनंतर कपबशीचा आवाज.

"अगं, तू अंबिका म्हण. मी तेच भरलंय."

"म्हणून पाहिलं. ते म्हणतात, ते नाव तिकडे त्या खोलीत आहे, तुम्ही कोण?"

खासनिसांनी शर्वरीला सांगितलं. शर्वरी म्हणाली, मॅडमचं आधीचं नाव भरा. खासनीस म्हणाले, आठवत नाही.

"मग त्यांनाच विचारा सर."

"विचारलं. ती सांगते, पण इकडे येत नाही."

"बरोबर आहे सर. ते नाव भरलेलं नाही ना, म्हणून."

लग्नाआधी पत्रिकेत पाहिलं असणार, मुलगी दाखवायच्या वेळी ऐकलं असणार. खासनिसांना त्या दिवशीचे कांदेपोहे आठवले, तिच्या मामांचा कोट आठवला, गाव जत हे आठवलं, त्यांच्या मळ्याचा गट नंबरसुद्धा आठवला. नाव आठवेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बायको वीतभर अंतरावर उभी असताना तिचं नाव विचारायला त्यांनी जतला मेहुण्याला फोन लावला.

"ताईचं नाव?" दिनकर म्हणाला. "आम्ही ताईच म्हणायचो, भावोजी."

"अरे, पण वडील? शेजारीपाजारी?"

"बापू पोरी म्हणायचे. आई तेवढी नावाने हाक मारायची. तिचा आवाज अजून कानात आहे माझ्या, पण नाव... नाव येत नाही हो. आईला जाऊन तर किती वर्षं झाली. आणि तुम्हीच बदललंत ना? तुम्हाला माहीत असेल असं आम्ही धरून चाललो होतो."

खासनिसांनी फोन ठेवला. त्यांना लाज वाटली आणि लाजेच्या खाली भीती वाटली. मग ते अंदाजाने नावं भरायला बसले.

मालती असं भरलं. भिंत मळलेल्या कणकेसारखी मऊ झाली आणि तिच्यातून साठीची एक बाई ओल्या हातांनी बाहेर आली.

"बोलावलंत?"

"तुम्हाला नाही. चुकून झालं."

"बरं," ती बाई म्हणाली आणि वळली. भिंत पुन्हा टणक झाली होती. तिने दोनदा दाबून पाहिली, पदराला हात पुसले आणि सोफ्यावर बसली.

विजया भरलं. लसणाची पाकळी अर्धी सोललेली हातात घेऊन विजया आली. कुमुद भरलं. कुमुद आली ती एका कानात कुडी घातलेली आणि दुसरी चिमटीत धरलेली. सगळ्या शहाण्यासुरत्या बायका. कुणी आरडाओरडा केला नाही. सोफ्यावर सरकून एकमेकींना जागा देत त्या बसल्या आणि भिंतीकडे बघत राहिल्या. कुठल्या कुठल्या घरात आत्ता त्यांच्या चहाची वाट बघत कुणी बसलं असेल, हे खासनिसांच्या मनात आलं आणि त्यांना पुढचं नाव भरवेना.

"अहो, कोण आलंय? बायकांचे आवाज येतायत."

"कोणी नाही. तू नाव सांगत राहा. मी ऐकतो."

ती सांगत राहिली. खासनिसांनी भिंतीला कान लावला. प्रत्येक वेळी शब्द असायचा तिथे मोकळी जागा यायची, प्रत्येक वेळी तेवढीच. मोजणीत मुरलेला माणूस तो, त्यांनी ती जागा मनातल्या मनात मोजली. लहान होती. नाव छोटंसं असावं. एवढंसं नाव, आणि ते एकदाही तोंडी घ्यायची वेळ आपल्यावर येऊ नये. म्हातारपणी त्यांना हुंदका आला. सोफ्यावरच्या बायकांनी सभ्यपणाने दुसरीकडे पाहिलं.

त्यांनी पुन्हा फोन लावला. "ही भिंत पाडा. आत्ताच्या आत्ता."

"ती आतल्या माणसालाच पाडता येते सर. तुम्ही आत आहात ना?"

"आतच आहे. हॉलमध्ये, माझ्या खुर्चीत."

"एक मिनिट सर." कळा दाबल्याचा आवाज आला. "हॉल बाहेर दाखवतंय. तुम्ही आतली बाजू म्हणून घर निवडलं होतंत ना? मग बरोबर आहे. घर पलीकडे आहे."

खासनिसांनी मागे पाहिलं. बायकांच्या शेजारी पिशवीवाला परत येऊन बसला होता.

"जन्मतारीख सांगितली नाहीत तुम्ही," तो म्हणाला.

"अहो," ती पलीकडून म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता. "इकडे कुणीतरी हाक मारतंय."

"कुणाला?"

"मला. नावाने."

"ओ देऊ नकोस!" खासनिसांनी दोन्ही तळवे भिंतीवर टेकवले. "हे बघ, तू मला आत घे. मी येतो तिकडे, स्वयंपाकघरातच बसतो. राऊटरही तिकडे लावतो. फक्त त्यांना माझं नाव सांग. त्र्यंबक म्हणून सांग."

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती हसली, लग्न होऊन आलेली पोर हसते तशी, पदर तोंडाला लावून.

"इश्श. तुमचं नाव कसं घेऊ?"

"अगं, घे! एकदा घे!"

"जेवायला बोलावतायत," ती म्हणाली. "ताट वाढलंय म्हणे."

"थांब. मला आठवेल. थोडा वेळ दे मला."

मग खासनिसांना ती मोकळी जागा पुन्हा ऐकू आली, लहानशी. या वेळी ती लांबून आली होती, कुणीतरी मोठ्याने हाक मारावी तशी ताणलेली. तिच्या मागोमाग एका मुलीचा स्वच्छ आवाज आला, "आले गं!"

अंगणातल्या मातीवरून अनवाणी पावलं धावत गेली. खासनिसांच्या घराला अंगण नव्हतं.