उपाशी खडक

बाबांनी ओला फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. ते सागरी उद्यानाचे नावाडी आणि मी त्याच उद्यानाच्या कार्यालयात नोंदी ठेवणारी. काचेच्या तळाच्या डब्यातून ते पाण्याखाली बघत आणि प्रवाळाच्या खडकांची स्थिती लिहून आणत. मी ती संगणकात भरत असे. फॉर्मवर दोनच रकाने होते, जिवंत आणि मृत. पूर्वेच्या खडकापुढे बाबांनी दोन्ही सोडून समासात लिहिलं होतं, ‘उपाशी’.

“बाबा, खडक कधी उपाशी असतो का?”

“पाणी तापलं, त्याचं खाणं तुटलं, म्हणून पांढरा पडलाय. पण अंगावर शेवाळ नाही. मेला असता तर शेवाळ चढलं असतं.”

“असा रकाना नाही.”

“रकाने तू पाडलेस बाई, समुद्रानं नाही.”

शेजारचे कारकून हसले. चारचौघांत बापाकडून शहाणपण ऐकून घ्यायचं माझं वय राहिलं नव्हतं. मी बाबांच्यादेखत ‘मृत’वर खूण केली. “लवकर ये, आई वाट बघते,” एवढंच म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर होडी बांधता बांधता ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

पाच महिन्यांनी माझीच नोंद माझ्यासमोर आली. पूर्वेचा खडक मृत आहे, तेव्हा पर्यटकांच्या मोठ्या बोटींना तिथे नांगर टाकू द्यावा, असा प्रस्ताव होता. बैठक शुक्रवारी होती. नांगर पडू लागले की खडकाचा भुगा व्हायला वेळ लागत नाही.

मासेवाल्या बायकांची पुढारी असलेली मावशी तो कागद घेऊन आली. “माशांची पिल्लं त्या खडकात वाढतात. उद्या आम्ही टोपलीत काय वाळू घेऊन बसायचं? आणि तुझ्या बापानं जित्याला मेलेला लिहिला? मला नाही पटत.”

मी मान खाली घातली. गुरुवारी सकाळी, बाबांची होडी आता चालवणाऱ्या काकांना म्हटलं, होडी काढा.

“तू येणार? सहा वर्षांत तुझे पाय भिजलेले नाहीत.”

“आज भिजू द्या.”

खडकावर पोचल्यावर मी डबा पाण्यात दाबला. आधी काचेवर फक्त माझाच श्वास साचला. पुसून पाहिलं. खाली पांढरं जवळजवळ काही उरलं नव्हतं, रंग परतला होता. तपकिरी फांद्या, त्यांच्या टोकांना जांभळी झाक, आणि फटींतून बोटाएवढ्या पिल्लांचे थवे आत-बाहेर करत होते. एक कासव इतक्या सावकाश गेलं की जणू पाहणी त्याचीच चालली होती. मी चाळीस ठरलेल्या जागा तपासल्या, प्रत्येकीचा फोटो काढला. नऊ जागी शेवाळ होतं. एकतीस जिवंत.

“काका, एकतीस.”

“ऐकलं. नाचू नकोस, होडी उलटेल.”

शुक्रवारी बैठकीत मी फोटो दाखवले. मावशी खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेली आणि पिल्लांवर बोट ठेवून त्यांच्या जाती सांगू लागली. बोटवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्षसुद्धा वाकून बघत राहिले. उद्यानप्रमुखांनी प्रस्ताव फेटाळला. खडक बंदच राहील, पुढची दहा वर्षं. मागच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या त्या थांबेनात.

मग इतिवृत्तासाठी प्रमुखांनी विचारलं, “आधीची ‘मृत’ ही नोंद कशी झाली?”

“म्हातारा माणूस, नजर चुकली असेल,” अध्यक्ष समजुतीनं म्हणाले. “जाऊ द्या, आता ते हयातही नाहीत.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले.

“नजर चुकली नव्हती. त्यांनी ‘उपाशी’ लिहिलं होतं, ‘मृत’ मी केलं. ते माझे वडील होते आणि त्यांचं बरोबर होतं.”