शेजारचा नंबर

साडेआठला दहा कमी असतानाच अहिल्याबाई गडद जांभळी साडी नेसून लॅपटॉपसमोर येऊन बसल्या. बाहेर रात्रभर पडलेल्या बर्फानं अमेरिकेतल्या ईडन प्रेरीची सगळी घरं एकसारखी करून टाकली होती. तशी ती बर्फाशिवायही एकसारखीच होती, असं त्यांचं मत होतं.

जांभळ्या साडीला कारण होतं. अमरावतीला त्यांची थोरली बहीण वसुधा हिची नजर दिवाळीपासून झपाट्यानं चालली होती. फिकट रंग तिला दिसेनासे झाले होते. सोमवारी ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की उरलीसुरली नजर टिकेल, नाहीतर तीही जाईल. त्यावर वसुताईनं मुलाकरवी अमेरिकेला निरोप धाडला, "दिसतंय तोवर एकदा तोंड दाखव."

अहिल्याबाईंच्या खुब्याचं हाड बसवून सहाच आठवडे झाले होते, त्यामुळे विमानाचा प्रश्नच नव्हता. मग सुशांतनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, स्काइपची युक्ती काढली. वसुताईचा मुलगा गुरुनाथ आईला रिक्षात घालून सायबर कॅफेत नेणार होता. तिकडचे रात्रीचे आठ, म्हणजे इकडचे सकाळचे साडेआठ. कॅफेवाला नऊच्या ठोक्याला शटर ओढतो, हे गुरुनाथनं दोनदा बजावलं होतं. हातात तास होता, आणि दोघी बहिणींना तास पुष्कळ होता.

रुचानं, सुनेनं, लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक चौकोन आला आणि त्यानं पासवर्ड मागितला.

"हे काय नवीन?" रुचा म्हणाली. "कालपर्यंत तर मागत नव्हता."

मग तिच्या लक्षात आलं. आपलं वायफाय शेजारपाजारचे फुकट वापरतात आणि म्हणून ते रखडतं, असं सुशांतला वाटत होतं. आईचं बोलणं अडखळू नये म्हणून काल संध्याकाळी त्यानं राउटरला पासवर्ड घातला होता. घातला, आपला ऑफिसचा लॅपटॉप उचलला आणि आज सकाळी साडेसातच्या विमानानं कामासाठी फिनिक्सला निघून गेला. पासवर्ड बरोबर घेऊन गेला. फोन अर्थातच बंद.

"म्हणजे घराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात घालून गेला," अहिल्याबाई म्हणाल्या. "शाबास!"

"आई, मी शैलेंद्रला बोलावते. ते दोघं नेटवर्कमधलेच आहेत. पाच मिनिटांचं काम."

शैलेंद्र आणि नेत्रा समोरच्याच घरात राहत. एक मुंबईचा, एक पुण्याची. दोघं मिळून कुठल्याशा मोठ्या कंपनीची चार राज्यांतली जाळी सांभाळतात, असं रुचा कौतुकानं सांगे. बूट झटकत दोघं आत आले. अहिल्याबाईंनी त्यांना नखशिखान्त पाहून घेतलं. शैलेंद्रच्या पायात दोन वेगळे मोजे होते. त्यांच्याकडे जाऊन बोलायचं, तर नवा खुबा घेऊन बर्फातून जाणं शक्य नव्हतं, आणि त्यांचं वायफाय इथवर पोचत नव्हतं.

"डोन्ट वरी काकू, आत्ता करून देतो," शैलेंद्र म्हणाला.

अहिल्याबाई पस्तीस वर्षं नागपूरला मुलींच्या शाळेत गणित शिकवत होत्या. 'आत्ता करून देते' असं म्हणणाऱ्या मुली फळ्यासमोर किती वेळ उभ्या राहतात, हे त्यांना तोंडपाठ होतं.

शैलेंद्रनं आधी वायर मागितली. वायरनं जोडलं तर पासवर्ड लागणार नाही म्हणाला. वायर मिळाली, पण लॅपटॉपला ती खुपसायचं भोक मोडकं निघालं. मग त्यानं टाचणी मागितली. राउटरच्या पाठीला एक बारीक छिद्र असतं, त्यात टाचणी दाबून धरली की तो सगळं विसरतो.

"विसरतो म्हणजे सगळंच विसरतो, शैलेंद्र!" नेत्रानं टाचणी त्याच्या हातातून काढून घेतली. "इंटरनेटवाल्यांचं लॉगिनसुद्धा. ते आहे का तुझ्याकडे? तेही सुशांतलाच माहीत असणार. मग सोमवारपर्यंत बसा."

"कस्टमर केअरला विचारू ना यार."

"शनिवारी? तासभर गाणं ऐकवतील."

"मग तू सांग! तुला सगळं येतं."

"मी दाबायला नको एवढंच म्हणतेय. काय करायचं ते तू शोध."

चार राज्यांची जाळी कशी सांभाळली जात असतील, याचा अहिल्याबाईंना आता अंदाज आला. घड्याळात पावणेनऊ होऊन गेले होते.

मग अंदाज सुरू झाले. नेत्रानं जाहीर केलं, की हा राउटर जुन्या पद्धतीचा आहे, त्यात पासवर्ड एकतर पाच अक्षरी असतो नाहीतर तेरा अक्षरी. तेरा अक्षरं सुशांत कशाला घालतोय? पाचच असणार.

"मग सोपं आहे," रुचा जरा लाजत म्हणाली. "माझंच नाव. इंग्रजीत बरोब्बर पाच होतात."

शैलेंद्रनं तिचं नाव घातलं. चौकोन हलला नाही. त्यानं ते मोठ्या अक्षरांत घातलं, मग पहिलंच अक्षर मोठं करून घातलं. रुचाचा चेहरा दर वेळी थोडा उतरत गेला. मुलीचं, अनयाचं नाव घातलं, तीही पाचच. अनया त्या दिवशी मैत्रिणीकडे होती म्हणून बरं, तिच्या तोंडावर तरी नापास झाली नाही.

"काकूंचं बघू? अहिल्या?"

"सहा होतात," नेत्रा बोटांवर मोजून म्हणाली.

"नागपूर?"

"तेही सहा."

"एकानं जास्त झालो आम्ही," अहिल्याबाई म्हणाल्या. "गाव आणि आई, दोन्ही."

रुचाचा फोन वाजला. तिकडून गुरुनाथ ओरडून बोलत होता, म्हणून सगळ्यांनाच ऐकू आलं. "वहिनी, काय झालं? आई पडद्याला नाक लावून बसलीय केव्हाची. मागे पोरं खोळंबलीत कॉम्प्युटरसाठी. मावशीला म्हणावं, आज नाही झालं तर सोमवारच्या आत हिला परत आणता यायचं नाही. उद्या सकाळी ॲडमिट करायचंय."

"पाच मिनिटं, गुरुनाथदादा," रुचा म्हणाली.

"पाच मिनिटं!" अहिल्याबाई फुत्कारल्या. "या देशात सगळं पाच मिनिटांचं आहे. तिघं इंजिनियर आहात घरात. आमच्या शाळेच्या शिपायाकडे बावीस कुलपांचा जुडगा होता. चौथी पास होता बिचारा. अंधारात हात घातला तरी हवी ती किल्ली काढायचा."

शैलेंद्र लग्नाच्या तारखा, गाडीचे नंबर, घराचा नंबर घालत सुटला होता. सव्वानऊ होत आले. आणि तेव्हा कुठे रुचा चाचरत म्हणाली, "एक आहे... पण तो गंमत करत होता, मला वाटतं."

"कसली गंमत?"

"काल पासवर्ड घालताना मी विचारलं, की लिहून ठेवू का. तर म्हणाला, कशाला, आईला माहीत आहे."

शैलेंद्रनं टाइप करणं थांबवलं.

"आणि हे तू आत्ता सांगतेस?" अहिल्याबाई म्हणाल्या.

"अहो आई, तुम्हाला कसा माहीत असेल? तुम्ही तर माउसलासुद्धा हात लावत नाही. म्हणून मला वाटलं..."

"मला विचारायचं सुचलं नाही." अहिल्याबाईंनी पदर सावरला. "तासभर या पोराच्या मोज्यांना विचारत बसलात, पण म्हातारीला नाही. मला त्यानं काही सांगितलेलं नाही. पण पाचच अक्षरं ना? आकडे चालतात?"

"चालतात, काकू."

मग अहिल्याबाई ताठ बसल्या. त्यांची स्मरणशक्ती हा घरातला चेष्टेचा आणि धाकाचा विषय होता. सुशांतला माहीत आहे आणि आपल्यालाही, असे पाच आकडे. त्यांनी आधी त्याच्या दहावीच्या गुणवत्ता यादीतले गुण आणि क्रमांक जोडून सांगितले. नाही. आपल्या शाळेचा मान्यता क्रमांक सांगितला. नाही. पहिल्या स्कूटरचा नंबर. ती त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतली होती. तोही नाही. जे जे आकडे त्यांनी आयुष्यभर ऊर भरून जपले होते, ते शैलेंद्र एकेक करून टाइप करत होता आणि चौकोन ढिम्म होता.

आणि मग त्यांना तो नंबर आठवला.

आठवला म्हणजे काय, विसरलाच कधी होता! नागपूरला धरमपेठेत राहत असताना त्यांच्याकडे फोन नव्हता. अर्ज करून आठ वर्षं झाली तरी आला नव्हता. ज्यांच्याकडे फोन नसे, ते शेजाऱ्यांचा नंबर देत आणि पुढे 'पी.पी.' लिहीत, म्हणजे फोन आमचा नाही, शेजारी बोलावून देतील. अहिल्याबाईंचे शेजारी होते त्र्यंबकराव. सरकारी हुद्द्यामुळे त्यांना फोन होता आणि त्यांच्या बायकोला, मृणालिनीबाईंना, त्या फोनचा ताठा होता. फोन आला की त्या गच्चीतून अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारत, "अहिल्याबाईऽ, फोन आलाय तुमचाऽ!" अहिल्याबाई धावत जात. बसायला खुर्ची मिळे, पण काठावर. बोलणं होईपर्यंत मृणालिनीबाई तिथेच भाजी निवडत राहत. आणि फोन ठेवला, की एक पिवळं फडकं घेऊन रिसीव्हर पुसत. अहिल्याबाईंच्या देखत. बारा वर्षं त्यांनी ते फडकं पाहिलं. स्वतःचा फोन आला त्या दिवशी त्यांनी आळीत पेढे वाटले, एक घर सोडून. त्या घराचं नाव त्यांनी पुढे कुणाला काढू दिलं नाही.

तो नंबर? घराच्या कुलपाला? सुशांतला काही लाज?

"आई, नऊ वीस झाले," रुचा म्हणाली.

अमरावतीला नऊला दहा कमी. अहिल्याबाईंच्या डोळ्यांपुढे वसुताई आली, काळ्या पडद्याला नाक लावून बसलेली. त्यांनी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत तो नंबर सांगून टाकला.

"तेहेतीस चारशे एकाहत्तर."

शैलेंद्रनं आकडे मारले. चौकोन नाहीसा झाला.

"आलं!" नेत्रा ओरडली. "काकू, हा कुणाचा नंबर?"

अहिल्याबाईंनी नजर बर्फावरून काढली नाही. बोलली रुचा. "थांबा, हा त्या शेजारच्या काकूंचा का? बाबांचा फोन यायचा तो?"

"तुला काय ठाऊक?"

"सुशांत सांगतो ना. बाबा बैलाडिल्याच्या खाणीवर असायचे, दर गुरुवारी सात वाजता त्यांचा ट्रंककॉल यायचा. तो सहापासून त्या काकूंच्या जिन्यावर जाऊन बसायचा. काकू त्याला चिरोटे द्यायच्या. लाइन लागेपर्यंत ऑपरेटरशी भांडायच्या, पोरगं बसलंय म्हणून. तुम्हाला हाक नंतर मारायच्या, आधी पाच मिनिटं त्याला बोलू द्यायच्या."

"मला कधी बोलला नाही तो."

"तुम्ही त्यांचं नाव तरी काढू देता का, आई?"

तेवढ्यात लॅपटॉपमधून खरखर झाली आणि पडद्यावर एक मोठं कपाळ आलं. कुंकू पुसल्याच्या जुन्या खुणेसकट. मग जाड भिंग, भिंगामागे एक डोळा.

"आई, मागे हो जरा," गुरुनाथ म्हणाला.

"तू गप. अहिले, दिसत नाहीस. कुठं आहेस?"

"इथंच आहे, ताई. ही बघ. जांभळी साडी."

"उजेडात ये."

शैलेंद्र कॅमेऱ्याचं काही सांगायला पुढे झाला. अहिल्याबाईंनी त्याला हातानंच बाजूला सारलं, वॉकर ओढला आणि खुर्चीसकट खिडकीकडे सरकल्या. बर्फाचा पांढरा उजेड तोंडावर आला. खुब्यातून कळ गेली. त्यांनी ती चेहऱ्यावर दिसू दिली नाही.

"हं. आता दिसतेस," वसुताई म्हणाली. तिनं भिंग पडद्यावर वरून खाली फिरवलं. "म्हातारी झालीस गं."

"आणि तू काय चवथीत आहेस?"

"काय करत होतात एवढा वेळ? पन्नास मिनिटं! तुझ्या त्या धरमपेठेच्या शेजारणीनं तुला बोलवायला कधी दोन मिनिटांवर लावली नाहीत. मी अमरावतीहून फोन केला, की एवढी खणखणीत हाक मारायची, मला इथं ऐकू यायची. मूल गेलं माझं, तेव्हा तर चपला न घालता पळाली होती तुला आणायला. तूच सांगितलं होतंस."

अहिल्याबाईंना ते आठवलं. उन्हाळ्यातली दुपार, तापलेल्या डांबरी रस्त्यावर अनवाणी आलेली मृणालिनी, धापा टाकणारी, हातात ते पिवळं फडकं तसंच. त्यांच्या नावाजलेल्या स्मरणात फडकं राहिलं होतं. ते अनवाणी पाय त्यातून कसे निसटले होते कोण जाणे.

"फोन पुसायची मेली," त्या म्हणाल्या. पण आवाजात पूर्वीची धार आली नाही.

"पुसू दे. तू रडायचीस त्यात." वसुताईनं भिंग पुसलं आणि पुन्हा पडद्याला लावलं. "बोलू नकोस आता. सात मिनिटं राहिलीत म्हणतोय हा. मान हलवू नकोस. मला बघू दे."

अहिल्याबाई मान न हलवता बसल्या. मागे शैलेंद्र कुजबुजत होता, की पासवर्ड आता बदलून टाकायला हवा, पाच आकडे म्हणजे काहीच सेफ नाही.

"खबरदार," ओठ न हलवता अहिल्याबाई म्हणाल्या.