रंगावर बसवलेलं अर्थिंग

जानूकाकांनी बोट विकली आणि सगळा जीव घरातल्या जुन्या हिरव्या पद्मिनी मोटारीत घातला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तिला नवा रंग दिला, इंजिन खोलून घेतलं आणि सगळी वायरिंग भाईंदर पश्चिमेच्या उदय कांबळेकडून नव्याने करून घेतली. गाड्यांच्या वायरिंगच्या धंद्यात उदयला वीस वर्षं झाली होती. जुनी गाडी म्हटली की लोक त्याचंच नाव सांगायचे.

आता त्याच गाडीसाठी काकांचा फोन आला, म्हणून तो सकाळीच काकांच्या गावी, तारोडीला पोचला.

“सेल्फ मारला का नुसती कण्हते,” काका म्हणाले. “बॅटरी नवी टाकली, सेल्फ बांधून आणला, काय फरक न्हाय. तुझं काम पक्कं हाय, ते मना ठावं. पण त्या नाथ्याचा हात लागला ना, तवापासून गाडी गेली.”

नाथा म्हणजे काकांचा मेहुणा, कृष्णाबाईंचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी बायकोला दवाखान्यातून घरी आणायला त्याने गाडी मागून नेली होती. येताना उतारावर गाडी बंद पडली. त्याने दोन-तीनदा सेल्फ मारला, तर डॅशबोर्डाखालून धूर निघाला. डॅशबोर्डापासून इंजिनापर्यंत जाणारी चोकची तार तापून लाल झालेली. ती ओढायला गेला आणि त्याचा तळवा भाजला. ह्यानेच गाण्याच्या मशीनच्या वायरी कुठेतरी जोडल्या, असं काकांनी चारचौघांत ऐकवलं. आपण कशालाही हात लावला नाही, असं नाथा म्हणाला. एकाच आळीतली दोन घरं, पण चौदा महिने बोलणं बंद होतं. भाऊबीजेलाही भाऊ आला नव्हता.

उदयला हे सगळं आजच कळत होतं. चोकची तार म्हटल्यावर त्याचा हात जरा थांबला.

त्याने बॉनेट उघडलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी बॉडीला.

“काका, मारा सेल्फ.”

काटा जेमतेम हलला. मग दुसरी पिन त्याने इंजिनाला टेकवली.

“परत मारा.”

चार व्होल्ट. तिथे अर्धासुद्धा यायला नको होता. म्हणजे बॅटरीपासून बॉडीपर्यंत ठीक होतं, बॉडीपासून इंजिनापर्यंतचं अर्थिंग गेलं होतं. खात्रीसाठी त्याने एक जाड केबल इंजिनापासून थेट बॅटरीच्या मायनसला जोडली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. काकांनी आनंदाने हॉर्न वाजवला.

इंजिन आणि बॉडी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी खाली, हात घालायला अवघड जागी होती. करंट जसा जातो तसा त्याला परतही यावं लागतं, आणि इंजिनातून परतायची वाट म्हणजे ही पट्टी. ती अडली की तो सापडेल त्या वाटेने परततो. चोकच्या बारीक तारेनेसुद्धा. गाडी बंद करून उदयने पान्याने पट्टीचा बोल्ट काढला. पट्टीच्या कडीखाली हिरवा रंग होता, कालच मारल्यासारखा गुळगुळीत. कडी नुसती रंगावर बसली होती. इतके दिवस जो काही करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांतून.

कडीवर पिवळी नळी चढवलेली होती. अशी नळी त्याच्याशिवाय कोणी लावत नसे. रंगारी गाडी देऊन गेला त्याच दिवशी संध्याकाळी त्याने वायरिंग संपवली होती. त्या बोल्टखालचा रंग खरवडायचा राहून गेला होता.

“काय सापडलं?” काकांनी विचारलं.

“गंज होता,” उदय म्हणाला.

गंज कुठेच नव्हता. त्याने पॉलिश पेपरने जागा घासली, पत्र्याची चकाकी दिसेपर्यंत. कडी घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. जादा लावलेली केबल काढून त्याने पुन्हा मीटर धरला आणि काकांना सेल्फ मारायला सांगितला. काटा जागचा हलला नाही.

“बघ,” काका कृष्णाबाईंना म्हणाले, “तुझ्या भावाने केलेला घोळ ह्याने अर्ध्या तासात काढला.”

कृष्णाबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कप ओट्यावर ठेवले आणि आत जायला वळल्या.

“काकी, थांबा,” उदय म्हणाला. “काका, गंज नव्हता. मी खोटं बोललो. ही पट्टी मी रंगावरच बसवली होती. चोकची तार त्यामुळेच जळली. नाथाभाऊंनी काही केलेलं नाही.”

काकांनी वाकून त्या बोल्टाकडे बघितलं.

“नक्की?”

“नक्की. घोळ माझा आहे.”

“चौदा महिने रे,” काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण ते उदयकडे बघत नव्हते. मग त्यांनी गाडीचं दार उघडलं. कृष्णाबाई आधीच मागच्या सीटवर जाऊन बसल्या. “बस. तूच सांग त्याला.”

आळीच्या दुसऱ्या टोकाला नाथा दारात जाळं दुरुस्त करत बसला होता. उदयने जे होतं ते सांगितलं. नाथाने ऐकून घेतलं, उजव्या तळव्यावरून अंगठा फिरवला.

“एक बोल्ट?”

“हो.”

“आणि ह्यांनी अख्ख्या गावासमोर मना चोर केला.”

“चुकलं माझं,” काका म्हणाले.

नाथाने पुन्हा जाळ्यात मान घातली. पण मागच्या सीटवरून कृष्णाबाई उतरल्या आणि सरळ त्याच्या घरात गेल्या, तेव्हा त्याने पाय आखडून त्यांना वाट करून दिली. काकांनी थोडी वाट पाहिली आणि गाडी एकट्यानेच वळवली. उदयला त्यांनी बसस्टॉपवर सोडलं. पुन्हा ये, असं ते म्हणाले नाहीत.

बसमध्ये उदय आठवत बसला. त्याच महिन्यात, त्याच रंगाऱ्याकडून आलेली आणखी एक गाडी त्याने केली होती, भाईंदरच्याच इंद्रलोक भागातल्या एका डॉक्टरांची. तक्रार काही आली नव्हती. त्याने नंबर शोधून फोन लावला.

“डॉक्टरसाहेब, उदय बोलतोय, वायरिंगवाला. गाडीतला एक बोल्ट मला परत उघडून बघायचाय. आज येऊ का?”